उस्ताद हरला तर बिघडले कुठे?

इंडोनेशियात चित्रपटाचे यश माणसांच्या संख्येवर मोजतात. गल्ला किती जमला हे नंतर; आधी किती लाख लोकांनी तिकीट काढले हा आकडा सांगितला जातो. सप्टेंबर 2017 मध्ये जोको अन्वर या दिग्दर्शकाचा ‘पेंगाब्दी सेतान’, म्हणजे ‘सैतानाचे सेवक’, हा भयपट तिथे लागला आणि तो आकडा 42 लाखांच्या घरात गेला. तोवर कुठल्याही इंडोनेशियन भयपटाला एवढा प्रेक्षक मिळाला नव्हता. त्याच वर्षी त्या देशाच्या राष्ट्रीय महोत्सवात त्याला 7 चित्रा पुरस्कारही मिळाले.

तरी एका तक्रारीने या चित्रपटाची पाठ सोडली नाही. ती म्हणजे, उस्ताद का हरला?

उस्ताद हा वस्तीतला धर्मशिक्षक. मुलांना कुराण शिकवणारा, मयताच्या वेळी पुढे होणारा, अडल्यानडल्याला धावणारा माणूस. या चित्रपटातला उस्ताद भला आहे. भुताने झपाटलेल्या घराला मदत करायची त्याची मनापासून इच्छा आहे. पण त्याच्या हातून काही होत नाही. आधी त्याचा तरुण मुलगा अपघातात जातो आणि पुढे तो स्वतःही जीव गमावतो. घरातली थोरली मुलगी रिनी नमाज पढायला बसते, तर तिथेही भीती तिचा पिच्छा सोडत नाही. भाविक प्रेक्षकांना हे लागले. धर्माला एवढा दुबळा दाखवायचा का, नमाजानेही जे जात नाही ते मग कशाने जाणार, आणि हे पाहून लहान मुलांनी काय समजायचे, असा त्यांचा सवाल होता.

हा सवाल मला क्षुल्लक वाटत नाही. भीती किती वाटली, दचकायचे प्रसंग किती होते, याच्या हिशेबापेक्षा तो कितीतरी खोल आहे. चित्रपटाने आपल्याला काय सांगितले हे या प्रेक्षकांनी नेमके ओळखले. त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला पटत नाही. उस्तादाने हरणे या चित्रपटात गरजेचे होते आणि ते धर्माच्या विरोधातही नव्हते, असे माझे म्हणणे आहे. वाद शेवटाचाच असल्याने कथेतल्या गोष्टी इथे उघड कराव्या लागतील.

या तक्रारीच्या मागे एक जुनी सवय आहे. 2017 चा चित्रपट ही पुनर्निर्मिती आहे. मूळ चित्रपट 1980 चा, दिग्दर्शक सिसवोरो गौतम पुत्रा, आणि निर्मिती संस्था तीच, रापी फिल्म्स. (या संस्थेचे गोपे समतानी हे सिंधी वंशाचे. इंडोनेशियाच्या चित्रपट धंद्यात सिंधी घराण्यांचा वाटा फार मोठा आहे, आणि तिथल्या भयपटाचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येणार नाही.) जुन्या चित्रपटात एक सुखवस्तू, देवाधर्माकडे पाठ फिरवलेले कुटुंब आहे. आई मरते, घरात एक संशयास्पद बाई कामाला येते, मृत्यूंची माळ लागते. शेवटी कियाई, म्हणजे धर्मपंडित, येतो आणि प्रार्थनेच्या बळावर सैतानी शक्तीचा नायनाट करतो. कुटुंब धर्माच्या वाटेला लागते. 1980 च्या दशकातल्या इंडोनेशियन भयपटांत हा शेवट इतक्या वेळा आला की प्रेक्षक कियाईची वाट पाहू लागले. आपल्याकडे नारायण धारपांच्या कथांत समर्थ आले की वाचकाचा जीव भांड्यात पडायचा, ज्यांनी ते अनुभवले असेल त्यांना ही सवय समजावून सांगावी लागणार नाही.

पण कियाईचा तो विजय कुठून आला हेही पाहायला हवे. तो लष्करशहा सुहार्तो यांच्या राजवटीचा काळ होता. चित्रीकरण सुरू होण्याआधीच पटकथा सरकारी परवानगीसाठी द्यावी लागे. 1965-66 च्या हत्याकांडात लाखो माणसे कम्युनिस्ट म्हणून मारली गेली होती आणि त्यानंतर नास्तिक म्हणजे कम्युनिस्ट हे समीकरण लोकांच्या मनात घट्ट बसले होते. सरकारने मान्य केलेल्या धर्मांपैकी एक धर्म कागदावर असणे ही नागरिकाची गरज झाली होती. अशा देशात धर्म न पाळणाऱ्या घरात भूत शिरते, धर्मगुरू ते घालवतो आणि घर शहाणे होते, ही गोष्ट निव्वळ भक्तीची राहत नाही. ती शिस्तीची गोष्ट होते. घरावर आलेल्या संकटाला घरच जबाबदार, असे ती प्रेक्षकाला सांगते. आई वारलेल्या पोरांकडे बोट दाखवून ती म्हणते, तुमचेच चुकले होते.

मला जुन्या चित्रपटाचा राग नाही. त्याला स्वतःची अशी एक विलक्षण, धूसर मोहिनी आहे आणि जोको अन्वर यांनी त्याच्या हक्कांसाठी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला तो उगाच नव्हे. पण त्याच्या शेवटाने जो दिलासा मिळतो, त्याची किंमत त्या मुलांनी चुकती केलेली असते.

नवा चित्रपट नेमके हेच दुरुस्त करतो. काळ मुद्दाम 1981 चा घेतला आहे, जुन्या चित्रपटाचाच काळ. आई एकेकाळची गायिका. तीन वर्षे अंथरुणाला खिळली आहे आणि आजाराचे निदान कोणालाच झालेले नाही. तिला काही हवे असले की ती घंटी वाजवते. तिच्या औषधपाण्यापायी घर गहाण पडले आहे. तिच्या गाण्यांचे काही पैसे येणे आहेत का, हे विचारायला रिनी कंपनीत जाते आणि रिकाम्या हाताने परतते. आई गेल्यावर बाप पैशांच्या सोयीसाठी शहरात निघून जातो. मागे राहतात चार भावंडे आणि चाकांच्या खुर्चीतली आजी. भूत यायच्या आधी या घरात कर्ज आले आहे, आजारपण आले आहे, एकटेपण आले आहे. मी हा चित्रपट आठवतो तेव्हा आईच्या भुताआधी ती घंटी ऐकू येते. घरात दीर्घ आजारी माणूस असलेल्या कोणालाही त्या आवाजाचा अर्थ ठाऊक असतो. हाक आली की उठायचे, आणि कधीकधी मनात यायचे की आता ही हाक थांबावी. ते मनात आल्याची लाज पुढे जन्मभर पुरते. चित्रपटाची खरी भीती त्या लाजेतून निघाली आहे.

मग कळते की आईने सैतानाच्या पंथाशी करार केला होता. कशासाठी? संपत्तीसाठी नाही, सूडासाठीही नाही. तिला मूल होत नव्हते. गाणारी बाई म्हणून सासूला ती आधीच पसंत नव्हती, त्यात कूस उजवेना. मुले झाली ती त्या करारातून, आणि कराराची अट अशी की शेवटचे मूल सात वर्षांचे झाले की ते परत द्यायचे. वांझ म्हणून हिणवलेल्या बाया कुठल्या कुठल्या बाबाच्या पायरीवर जाऊन बसतात हे महाराष्ट्रातल्या वाचकाला नव्याने सांगायला नको. तिला तिथवर कोणी ढकलले, हा प्रश्न जुन्या चित्रपटात नव्हता. नव्यात तो मध्यभागी आहे.

आता या कथेत उस्ताद जिंकला असता तर काय झाले असते? शेवटच्या दहा मिनिटांत एक प्रार्थना आणि सगळे निवळले. कर्ज विसरले जाते, सासूचे टोमणे विसरले जातात, तीन वर्षांची घंटी विसरली जाते. धर्म वेळेवर आठवला असता तर हे घडलेच नसते, एवढाच निष्कर्ष हाती उरतो. म्हणजे चूक पुन्हा त्या बाईची आणि तिच्या पोरांची. उस्ताद हरतो म्हणून हा भार त्यांच्या माथी बसत नाही.

आणि तो हरतो कसा, तेही पाहावे. दिग्दर्शकाने त्याला लबाड केलेला नाही, ढोंगी केलेला नाही, लोभी तर नाहीच. त्याचा एकुलता आधार असलेला मुलगा मरतो आणि तो बाप म्हणून खचतो. ज्याने दुसऱ्यांच्या मयतावर धीर दिला त्याला स्वतःच्या घरी धीर सापडत नाही. यात धर्माची टवाळी कुठे आहे? मुलगा गेलेल्या माणसाकडून आपण चमत्काराची अपेक्षा करतो, ही टवाळी झाली तर आपली आहे. भाविक प्रेक्षकाने त्याच्यात दुबळा धर्म पाहिला. मला त्यात दुःखात बुडालेला धार्मिक माणूस दिसला, आणि असा माणूस तिथल्या पडद्यावर पूर्वी फारसा आला नव्हता.

हे दाखवायला 2017 साल किती कठीण होते याचाही विचार करावा. त्याच वर्षी मे महिन्यात जकार्ताचे राज्यपाल बासुकी त्जाहाया पुर्नामा, ज्यांना सगळे ‘आहोक’ म्हणतात, त्यांना कुराणातल्या एका आयतीविषयी केलेल्या वक्तव्यावरून धर्मनिंदेच्या गुन्ह्यात दोन वर्षांची शिक्षा झाली. त्याआधी त्यांच्याविरुद्ध जकार्तात प्रचंड मोर्चे निघाले होते. चार महिन्यांनी हा चित्रपट लागला, आणि त्यात उस्ताद हरतो. लोकसंख्येत 85 टक्क्यांहून अधिक मुस्लिम असलेल्या देशात तो 42 लाख लोकांनी पाहिला. त्यातले बहुसंख्य श्रद्धाळूच असणार. चित्रपटगृहातून बाहेर पडून त्यांनी श्रद्धा सोडली नाही. प्रेक्षकाची श्रद्धा एका कथेने कोसळेल असे मानणारे लोक प्रेक्षकाला आणि श्रद्धेला, दोघांनाही कमी लेखतात.

आपल्याकडे या वादाची दुसरी बाजू ऐकू येते. महाराष्ट्रात भयपटावर आक्षेप येतो तो बहुधा विवेकवाद्यांकडून. भुते दाखवली की अंधश्रद्धा वाढते, असे ते म्हणतात. ही चिंता कुठून येते ते मी जाणतो. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा ऑगस्ट 2013 मध्ये पुण्यात खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या माणसाने आयुष्य वेचले ते खऱ्या बायाबापड्यांना खऱ्या मांत्रिकांच्या तावडीतून सोडवण्यासाठी. त्या कामाविषयी मला नितांत आदर आहे. पण कल्पित कथेपुरते बोलायचे तर विवेकवादी आक्षेप आणि तिकडचा धार्मिक आक्षेप यांची मागणी सारखीच निघते. एकाला शेवटी प्रार्थना जिंकायला हवी, दुसऱ्याला शेवटी भूत म्हणजे कोणाचा तरी बनाव होता हे उघड व्हायला हवे. दोघांनाही प्रेक्षक घरी जाताना निश्चिंत हवा आहे. भयपट त्याला निश्चिंत करायला बांधील नाही. भूत आहे की नाही हा त्याचा विषयच नसतो. माणूस कशाला घाबरतो आणि त्या भीतीपायी काय करून बसतो, हे तो दाखवतो.

भीतीची किंमत असते हे मात्र मी नाकारणार नाही, आणि इंडोनेशियात तर कोणीच नाकारू शकणार नाही. 1998 मध्ये, सुहार्तो पायउतार होत असतानाच्या गोंधळात, पूर्व जावाच्या बान्युवांगी भागात करणी करणारे म्हणून संशय घेतलेल्या लोकांना जमावांनी मारले. शंभराहून अधिक माणसे गेली. त्यांत धर्मशिक्षकही होते. म्हणून मी एक रेघ ओढतो. कल्पित कथेला मोकळीक द्यावी, पण ‘ही सत्य घटना आहे’ या दाव्याला देऊ नये.

हे सांगायचे कारण 2022 चा ‘केकेएन दी देसा पेनारी’. आवी सुर्यादी यांचा हा चित्रपट 90 लाखांहून अधिक लोकांनी पाहिला. मूळ कथा 2019 मध्ये ट्विटरवर एका टोपणनावाने हप्त्याहप्त्याने प्रसिद्ध झाली होती. महाविद्यालयीन मुले अभ्यासक्रमाचा भाग म्हणून खेड्यात कामाला जातात, तिथे वर्ज्य मानलेल्या गोष्टी करतात आणि अदृश्य शक्तींच्या तडाख्यात सापडतात. लेखकाने हे खरे घडले आहे असे सांगितले आणि लोक ते गाव शोधायला निघाले. तर्क लढवले गेले, त्यांत बोट बान्युवांगीकडेही गेले. ज्या भागात करणीच्या संशयावरून माणसे मारली गेली, त्याच भागाकडे करणीच्या गोष्टीचे खरे ठिकाण म्हणून बोट दाखवायचे, हे मला फार अस्वस्थ करते. या चित्रपटावर मते देताना बहुतेक प्रेक्षक एकाच गोष्टीवर भांडले: तो मूळ कथेइतका घाबरवतो की नाही. कोणत्या खेड्यातल्या माणसांवर याची छाया पडेल, हा विषय त्या भांडणात जेमतेम आला. उस्तादाच्या पराभवावर जेवढी शाई खर्च झाली तेवढी इथे व्हायला हवी होती.

धार्मिक प्रेक्षकाचा एक राग मला पूर्ण पटतो. ‘पेंगाब्दी सेतान’च्या यशानंतर निर्मात्यांनी त्यातला सोपा धडा तेवढा उचलला. नमाजात भीती घातली की तिकिटे खपतात, हा तो धडा. 2019 मध्ये ‘मकमुम’, म्हणजे इमामाच्या मागे उभा राहून नमाज पढणारा, हा चित्रपट आला, ज्यात नमाज पढणाऱ्याच्या मागे कोणीतरी अदृश्य येऊन उभे राहते. कल्पना अंगावर काटा आणणारी आहे यात शंका नाही. पण मग तिची रांग लागली. धर्मातल्या संज्ञा शीर्षकांना आल्या, पोस्टरांवर नमाजाच्या पोशाखातल्या बाया किंचाळू लागल्या. मार्च 2024 मध्ये ‘किब्लात’, म्हणजे नमाजाची दिशा, या नावाच्या चित्रपटाचे पोस्टर आले. नमाजात वाकलेले शरीर आणि चेहरा मात्र उलटा, वर वळलेला. उलेमा मंडळाच्या, म्हणजे धर्मपंडितांच्या संस्थेच्या, पदाधिकाऱ्यांनी आक्षेप घेतला, लोक संतापले, पोस्टर मागे घ्यावे लागले आणि चित्रपट पुढे दुसऱ्या नावाने लागला.

‘पेंगाब्दी सेतान’मध्ये रिनी नमाजाला बसते तेव्हा आपण तिला ओळखत असतो. आई गेली आहे, बाप दूर आहे, लहान भावंडांची जबाबदारी अंगावर आहे आणि आधाराला दुसरे काही उरलेले नाही. तिथे आलेली भीती तिच्या एकाकीपणाची भीती असते. त्या पोस्टरवरच्या शरीराला नाव नाही, दुःख नाही, घर नाही. तिथे फक्त नमाज आहे आणि तिची विटंबना आहे. रात्री उठून एकट्याने प्रार्थना करणाऱ्या माणसाला पाठीमागे कोणीतरी उभे असल्याचा भास होऊ लागला, असे तो सांगतो तेव्हा त्याला हसणारे समीक्षक मला आवडत नाहीत. त्याच्या रोजच्या आयुष्यातली एक शांत जागा कोणीतरी धंद्यासाठी वापरली आहे. त्याने रागवावे, तिकीट काढू नये, चारचौघांत सांगावे. पोस्टर मागे गेले ते लोकांच्या बोलण्याने गेले, इथवर मी त्यांच्या सोबत आहे. तो राग पोलीस तक्रारीकडे आणि धर्मनिंदेच्या कलमाकडे वळला की माझी साथ सुटते. कारण ते कलम एकदा हाती आले की ते पोस्टरात आणि रिनीच्या नमाजात फरक करणार नाही. पहिला बळी जाईल तो दुःखी उस्तादाचा, आणि ज्याला चांगला वकील परवडतो तो सवंग चित्रपट काढणारा सुटेल.

‘पेंगाब्दी सेतान’विषयीच्या देशाबाहेरच्या प्रेक्षकांच्या मतांवर फार वेळ घालवण्यासारखे नाही. संथ आहे, हॉलिवूडच्या अमक्या चित्रपटासारखा वाटतो, हे शेरे त्यांत पुन्हा पुन्हा दिसतात. साम्य आहे, आणि मूळ 1980 चा चित्रपटही एका अमेरिकन भयपटाच्या प्रभावाखाली होताच. पण कफनात गुंडाळलेले, गाठी मारलेले प्रेत तिथे काय आहे, दफन करून परतल्यावर त्या घरातली रात्र कशी असते, उस्ताद दारात आला की घराला काय वाटते, हे ज्याला जाणवले नाही त्याने अर्धाच चित्रपट पाहिला. जो भाविक प्रेक्षक चित्रपटावर चिडला, त्याने तो पूर्ण पाहिला. म्हणून माझे भांडण मी त्याच्याशी घातले.

इंडोनेशियाच्या नव्या दंडसंहितेत, जी संसदेने डिसेंबर 2022 मध्ये मंजूर केली, एक कलम आहे: आपल्याकडे गूढ शक्ती आहे असे सांगून दुसऱ्याला आजार, मृत्यू किंवा यातना घडवून आणण्याची सेवा देऊ करणाऱ्याला दीड वर्षापर्यंत कैद. आपल्या 2013 च्या कायद्याशी त्याचे नाते सहज लक्षात येते. दोन्ही कायदे जिवंत माणसाने जिवंत माणसाला फसवण्याकडे पाहतात. कायद्याने तिथेच पाहावे. चित्रपटाला वयाचे प्रमाणपत्र द्यावे आणि ते चित्रपटगृहांत खरोखर पाळले जाते की नाही हे तपासावे. सत्यकथेचा दावा करणाऱ्या निर्मात्याला जाहिरातीत त्याचा आधार मागावा. उस्ताद जिंकला की हरला, हे पटकथा लिहिणाऱ्यावर सोपवावे आणि त्यावरचे भांडण चित्रपट पाहून बाहेर आलेल्या लोकांवर.